लिंबाचं चित्र असलेला नळ

सायली नाक्यापासून थोडं आत, कारखान्यांच्या भिंतीला लागून सरिताची मेस होती. पत्र्याची लांब खोली, कडेनं बाकडी, मागच्या अंगाला दोन मोठ्या शेगड्या. जेवायला येणारे बहुतेक खानदेशातले, साक्री-शहाद्याकडून येऊन इथल्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेले. सिल्वासात कळण्याची भाकरी आणि झणझणीत शेवभाजी खायची तर सरितावहिनीकडे जा, असं एकजण दुसऱ्याला सांगायचा आणि पंगत वाढायची. नवरा गोकुळ खडोलीला धाग्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा. मेस सगळी तिच्या हिमतीवर.

तेलाच्या बाबतीत ती हट्टी होती. पिशवीतल्या तेलाला तेल म्हणायला ती तयार नसे. म्हणून गावात मुख्य रस्त्यावर ते नवं दुकान निघालं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. लोक त्याला नळाचं दुकान म्हणत. एका भिंतीला स्टीलच्या टाक्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला नळ. आपली बाटली घरून न्यायची, नळाखाली धरायची, हवं तेवढं घ्यायचं. खालच्या काट्यातून चिठ्ठी निघते, ती बाटलीला चिकटवायची आणि काउंटरला जायचं. शेंगदाणा, तीळ, जवस, खोबरं, सगळं घाण्याचं. चाखून बघायला कागदाचे इवलेसे कप ठेवलेले. सरितानं पहिल्यांदा शेंगदाणा तेलाचा नळ दाबला, तेव्हा तिला शिरपूरच्या बाजारातल्या घाण्यापाशी उभं राहिल्यासारखं वाटलं. आणखी एक गोष्ट तिला आवडली. तिथं कुणी तिच्याकडे वरून खाली बघितलं नाही. आपला हात, आपला नळ, आपली बाटली.

दिवाळीनंतर दुकानात तेलाच्या पलीकडे सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, नवी ओळ लागली. त्याच सुमाराला मेसमध्ये एक चांगली बातमी आली होती. जेवायला येणारा जयवंत ज्या कारखान्यात वाइंडिंग खात्यात होता, तिथं बाहेरून पाहुणे येणार होते आणि ऑफिसनं सरिताकडे जेवण सांगितलं होतं. जेवण आवडलं तर ऑफिसचा रोजचा डबा मिळणार होता. जयवंतनंच तिचं नाव पुढं केलं होतं.

"वहिनी, हॉटेलात देतात तसा लाल कांदा पण ठेवा," तो म्हणाला. "सिरक्यातला. साहेब लोकांना लई आवडतो."

म्हणून सरिता नळाच्या दुकानात गेली. सिरक्याच्या ओळीत पहिल्या टाकीवर सफरचंदाचं चित्र होतं, दुसरीवर जांभळाचं, तिसरीवर उसाचं, शेवटच्या टाकीवर कापलेल्या लिंबाचं. अक्षरं सगळी इंग्रजी. सरिता सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी अक्षर ओळखायची, पण शब्द जुळवेपर्यंत मागचा माणूस खाकरायला लागायचा. जवळच हिरव्या एप्रनमध्ये सोनी उभी होती. रांधा गावची पोरगी, बावीस-तेवीसची, दुकान उघडल्यापासून कामाला. सरिताची तिच्याशी तोंडओळख होती.

"हा कसला गं?" सरितानं शेवटच्या नळाकडे बोट करून विचारलं.

"लिंबूवाला आहे ताई. नवीन आलाय."

"कांद्यात चालेल?"

सोनीनं चित्राकडे बघितलं. "चालेल की. बाजूचे सगळे खायचेच आहेत."

सरितानं बाटली भरली. वास नाकात गेला तसं डोळ्यांत पाणी आलं, पण लिंबाचा वासही होता. महागाचा माल कडकच असतो, असं तिनं मनाशी म्हटलं. घरी येऊन तिनं बारीक कांदे सोलले, मीठ लावलं, रंगासाठी बिटाचे काप टाकले आणि वरून सिरका ओतला. ती कुठलाही पदार्थ चाखल्याशिवाय ताटात जाऊ देत नसे. पण पाहुण्यांचं जेवण नेमकं संकष्टीला आलं. तिचा उपास होता. कांदा तर तिनं तोंडालाही लावला नसता.

दुपारी जयवंत डबे न्यायला आला. डबे भरून तयार होते, कांद्याची बरणी तेवढी बाहेर होती. कांदे असे लालचुटुक दिसत होते की त्यानं झाकण काढून एक उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

त्यानं चावलं, गिळलं आणि तो खाली बसला. डोळे बाहेर आल्यासारखे झाले. "पानी," तो म्हणाला, "पानी दे वं वहिनी." साहेबलोकांत ऐटीत शहरी मराठी बोलणारा माणूस एका क्षणात आपल्या आईच्या बोलीवर आला. पाणी घशाखाली जाईना. ओठ आतून पांढरे पडले होते. सरितानं शेगडी बंद केली, बरणी आणि सिरक्याची बाटली पिशवीत घातली, नाक्यावरची रिक्षा थांबवली आणि त्याला इस्पितळात नेलं.

डॉक्टरनं जयवंतचं तोंड उघडून बॅटरी मारली आणि रागानं तिच्याकडे बघितलं. "काय पाजलंत याला? अॅसिड?"

तिनं बाटली पुढं केली. "सिरका आहे साहेब. नळाच्या दुकानातला."

डॉक्टरनं बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "अहो, हे साफसफाईचं आहे. पाणी मिसळून फरशी पुसायची, संडास धुवायचा. इथं स्पष्ट लिहिलंय की." त्यानं इंग्रजी शब्दांवर नखानं टकटक केलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "वाचून घेत जा बाई. माणसाच्या जिवाशी खेळ आहे."

जयवंतचा घसा पोळला होता, पण जीव वाचला. काही दिवस पातळ पेज, बोलणं बंद. ती त्याच्या खाटेशी बसून राहिली. तिकडे कारखान्यात ऑफिसनं पाहुण्यांसाठी जेवण कुठून मागवलं कोण जाणे. रोजच्या डब्याची गोष्ट तिथंच संपली.

मेसमध्ये त्याहून वाईट झालं. सरितावहिनीनं जेवणात अॅसिड घातलं, अशी बातमी चाळीचाळींतून फिरली. समोरच्या चाळीतली पोरं, जी रोज दुसऱ्या भाकरीसाठी भांडायची, ती मान खाली घालून पुढच्या मेसकडे जायला लागली. गोकुळ म्हणाला, "जाऊ दे. लोक विसरतील."

"मी काय विसरू?" सरिता म्हणाली. "त्या दुकानात जाऊन विचारते मी."

"काय विचारशील? त्यांनी लिहून ठेवलंय. आपल्यालाच वाचता आलं नाही. आणि आपल्या मेसचं लायसन नाही, हे काढलं त्यांनी तर?"

ती रात्रभर कुढली नाही की रडली नाही. सकाळी भाकऱ्या करून झाल्यावर तिनं हात धुतले, ती बाटली पिशवीत टाकली आणि गावात गेली.

दुकानात गर्दी होती. मॅनेजर विशाल काउंटरच्या मागं लॅपटॉपवर होता. ठाण्याकडचा, गोरागोमटा, बोलायला अगदी मऊ. सरितानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि संपल्यावर म्हणाला, "ताई, झालं ते वाईटच झालं. पण आमचं सेल्फ-सर्व्हिस आहे. प्रॉडक्टचं नाव लिहिलेलं आहे. कस्टमरनं वाचून घ्यायचं असतं."

"इंग्रजीत लिहिलंय."

"हो, मग?"

"इथं येणाऱ्या किती बायांना इंग्रजी येतं?"

विशाल हसला. ते हसू तिला फार दिवस विसरता आलं नाही. "खरं सांगू ताई? आमचा कस्टमर वेगळा आहे. ज्याला जवसाचं तेल, ॲपल सायडर पाहिजे, त्याला इंग्रजी येतंच."

"मी उघडल्यापासून तुमच्याकडून तेल नेते," सरिता म्हणाली. तिचा आवाज चढला. "पैसे घेताना तुम्ही विचारलं नाही, बाई, तू आमची गिऱ्हाईक आहेस का नाहीस म्हणून."

लोक वळून बघायला लागले. विशालनं आवाज खाली आणला. "तुमची मेस आहे म्हणालात ना? लायसन्स आहे का? नाही, मी आपलं विचारतोय. कारण कंप्लेंट दोन्ही बाजूंनी होऊ शकते."

गोकुळ म्हणाला होता तसंच झालं. पण तिला वाटलं होतं तशी भीती आली नाही. संतापानं तिचे कान तापले.

"नाही लायसन," ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी बोलली. "जा, सांगा. दंड लावायचा तर मला लावू दे. पण एका माणसाचा घसा जळलाय, त्याचं काय ते आधी सांगा. चला इकडे."

ती सरळ सिरक्याच्या ओळीकडे गेली. विशालला मागं जावंच लागलं. तिथं एक वयस्कर बाई जांभळाचा सिरका भरत होत्या. लीलाबाई, मूळच्या चिपळूणच्या, इथल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या. सरिता त्यांना ओळखत नव्हती, पण चष्मा आणि बोलण्याची धाटणी बघून तिनं विचारलं, "बाई, एवढं वाचून सांगा. काय लिहिलंय याच्यावर?"

लीलाबाई वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. अक्षरं बारीक होती. "साफसफाईचा सिरका, लिंबाच्या वासाचा," त्या म्हणाल्या. मग सरळ झाल्या आणि विशालकडे वळल्या. "अहो, मग हे खायच्या सिरक्याच्या ओळीत कशाला लावलंय? आणि एवढं मोठं लिंबू छापायची काय गरज होती?"

आता विशालचा मऊपणा थोडा उतरला. त्यानं इकडेतिकडे बघितलं. "तुम्हाला हा घ्या म्हणून कुणी सांगितलं, ताई?"

सरिताच्या डोळ्यांपुढं त्या क्षणी जयवंतचे पांढरे ओठ होते. तिनं विचार केला नाही. तेलाच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या सोनीकडे तिनं बोट दाखवलं. "हिनं."

विशालला हवं होतं ते मिळालं. "सोनी, इकडे ये. एप्रन काढ. उद्यापासून यायचं नाही." आणि लगेच सरिताकडे वळून तितक्याच मऊपणे, "सॉरी ताई. स्टाफची चूक होती, ॲक्शन घेतली. आता ठीक आहे?"

सोनीनं एप्रनच्या गाठीला हात घातला. तिचा चेहरा लाल झाला होता. दुकानातले लोक मान डोलवत होते. बरोबर केलं, असं एकजण म्हणालाही. प्रकरण मिटत होतं. एका पोरीची नोकरी गेली की सरिताचं समाधान होईल, एवढीच किंमत त्या माणसानं तिच्या रागाची केली होती, आणि ती पोरगी तिनंच बोट दाखवून त्याच्या हातात दिली होती. हे कळलं तेव्हा तिचा राग आणखी वाढला.

"मी हिला काढायला आले का?" ती म्हणाली. "कुणी सांगितलं तुम्हाला? हिला इंग्रजी वाचता येतं का, विचारलं होतं कामावर ठेवताना?"

"ताई, आता तुम्हीच तर—"

"मी चुकले. तिचं नाव घेतलं ते चुकले. तुम्ही सांगा, हा नळ इथं लावला कुणी?"

सोनीनं गाठ सोडली, एप्रन हातात गुंडाळला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सरांनी लावला," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबली नाही. "चार टाक्या आल्या नं माल तीनच आला. नव्या ओळीचे फोटो काढायचे होते. सर बोलले, एक टाकी रिकामी वाईट दिसते. मागं कोपऱ्यात कॅन होते, त्यातलं भरा नं त्याचंच लेबल टाकीला लावा बोलले. मी विचारलं, सर, हे काय आहे? तर बोलले, लिंबू दिसत नाय काय?"

"सोनी, तोंड सांभाळून."

"आता काय सांभाळू? काढलं नं मला."

सरितानं बाजूचा चाखायचा एक कागदी कप उचलला. लिंबाच्या चित्राच्या नळाखाली धरला आणि भरला. तो तीव्र वास आजूबाजूला पसरला, तशा लीलाबाई एक पाऊल मागं सरल्या. सरितानं कप विशालपुढं धरला.

"घ्या. एक घोट घ्या. तुम्हाला वाचता येतं ना, तुम्हाला काही होणार नाही."

"ताई, हा काय तमाशा आहे!"

"माझ्या माणसानं गिळलं. तुम्ही नुसतं जिभेला लावा. मग मी जाते."

त्यानं हात मागं घेतला. मघाशी बरोबर केलं म्हणणारा माणूस आपल्या टोपलीत बघत होता. एका बाईनं आपली भरलेली बाटली उघडून हुंगली आणि ती जमिनीवर ठेवून निघून गेली. मग आणखी एकीनं तसंच केलं. विशालला ते दिसलं. गिऱ्हाईक जाताना दिसल्यावर मात्र त्याला घाई सुटली.

"ठीक आहे, काढतो नळ. काढतो. प्लीज, तुम्ही बाजूला व्हा."

"आत्ता काढा. माझ्यासमोर."

त्यानं सोनीला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग स्वतः पाना आणून, गुडघ्यावर बसून, तो नळ खोलू लागला. त्याला ते नीट जमत नव्हतं. शेवटच्या आट्याला नळात उरलेला सिरका त्याच्या हातावर सांडला आणि तो बेसिनकडे धावला. सरिताला त्याचं हसू आलं नाही. तिला अजून हवं होतं: कुणीतरी म्हणावं की हे चुकलं, आमचं चुकलं. ते शेवटपर्यंत कुणी म्हणालं नाही.

सोनी केव्हा निघून गेली, तिला कळलंही नाही. एप्रन काउंटरवर घडी करून ठेवलेला होता.

चारच दिवसांत मेसच्या दारात अन्न खात्याची दोन माणसं आली. कुणीतरी तक्रार केली होती, लायसन नाही म्हणून. त्यांनी पिठाचे डबे उघडून बघितले, शेगड्यांखाली वाकून बघितलं, पाण्याचं पिंप हलवून बघितलं. कुठं काही सापडलं नाही, तरी नोंदणी करून घ्या म्हणून बजावून गेले. सरिता दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ऑफिसात गेली. नोंदणीचा अर्ज तिनं भरला, आणि मग दुकानाची तक्रार लिहून घ्या म्हणाली.

तिथला माणूस म्हणाला, "तो नळ आहे का अजून?"

"काढला. मीच काढायला लावला."

"मग आता कशाची तक्रार?"

"जयवंतच्या घशाची," ती म्हणाली. "तो अजून आहे."

माणसानं तिच्याकडे बघितलं. उलट बोलावं की नाही, याचा त्यानं थोडा विचार केला आणि मग कागद पुढं ओढला. त्या कागदाचं पुढं काय झालं, ते तिला कुणी कळवलं नाही. दुकानात मात्र सगळ्या टाक्यांवर मराठी आणि गुजराती नावं लागली, एवढं पुढं ओळख वाढलेल्या लीलाबाईंकडून कळलं. सरिता तिथं परत गेली नाही. जयवंत हळूहळू बरा झाला, बोलायला लागला, मेसमध्ये आपल्या जागेवर येऊन बसला आणि आलेल्या प्रत्येकाला सांगू लागला की वहिनीनं मॅनेजरला गुडघ्यावर बसवलं. पोरं एकेक करून परतली. सगळी नाही परतली.

पण सोनीचं तिच्या मनातून जाईना. एका रविवारी मेस बंद ठेवून ती विचारत विचारत रांध्याला गेली. घर गावाच्या टोकाला होतं. सोनी अंगणात वाल निवडत होती. सरिताला बघून ती उठली नाही, पण आतून तिची आई आली आणि तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"परत बोलावलं का त्यांनी?" सरितानं विचारलं.

"बोलावलं. दोनदा फोन आला. नाय गेली मी." सोनीनं वालाचा एक दाणा बाजूला फेकला. "सायलीला पॅकिंगला लागते पुढच्या महिन्यात."

"माझ्यामुळं गेलं तुझं काम."

सोनीनं सुपातून मान वर केली. "तुम्ही नंतर माझ्या बाजूनं बोलल्या, ते मी ऐकलं ताई. पण आधी बोट माझ्यावर केलं. ते पण बघितलं. एवढं मोठं दुकान, एवढे लोक, नं तुम्हाला बोट दाखवायला मीच सापडली?"

सरितानं उत्तर शोधलं. विशालला उत्तर देताना तिला एकही शब्द शोधावा लागला नव्हता. इथं एकही सापडेना.

"खरंय तुझं," ती शेवटी म्हणाली.

सोनीनं मान हलवली, जणू एवढंच हवं होतं आणि याहून जास्त नको होतं. तिची आई जेवून जा म्हणाली; सरितानं नको म्हटलं. उन्हं उतरायला लागली होती. ती निघाली तशी सोनीनं सूप खाली ठेवलं, चप्पल पायात सरकवली आणि रस्त्यापर्यंत तिच्यासोबत आली. शेअर रिक्षा येताना दिसल्यावर तिनं हात आडवा केला.

"यांना सायली नाक्यावर उतरव," ती रिक्षावाल्याला म्हणाली. "उगाच पुढं नेऊन फिरवू नको."